बाबांच्या हातातली पिशवी

मराठी घरात एक पदार्थ बाबांच्या नावावर असतो. मऊ भात आईचा, मेतकूट आजीचं, उष्टावणाचा पहिला घास बऱ्याच घरांत मामाचा. बाबांचा असतो तो खाऊ. संध्याकाळी दाराशी चपला वाजल्या की पोरं आधी हाताकडे बघतात, मग तोंडाकडे. मीही माझ्या वडिलांच्या हाताकडे असाच बघायचो. आठवडे बाजाराच्या दिवशी ते वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी आणायचे. चुरमुरे-फुटाणे, कधी गुडदाणी, हंगाम असला की बोरं. आम्ही तीन भावंडं ती वाटून खायचो आणि पुढच्या बाजारापर्यंत दुसरी पुडी यायची नाही.

माझ्या हातात मात्र रोज काहीतरी असायचं. सातपूरला कंपनी सुटली की घराच्या कोपऱ्यावरच्या दुकानाशी गाडी थांबायची. दुकानदार मला बघूनच वर टांगलेल्या माळेतून वेफर्सचं पाकीट तोडायचा. दहा रुपये, कधी वीस. सोबत कधी क्रीमची बिस्किटं, उन्हाळ्यात आंब्याचं गोड पेय. मुलगी तीन वर्षांची असल्यापासून हे चाललं होतं. पाकीट बघून तिच्या चेहऱ्यावर जे उमटायचं, ते माझ्या दिवसातलं सगळ्यात मोठं सुख होतं. त्या सुखामुळेच मला बाकीचं काही दिसलं नाही.

पाच वर्षांच्या लसीसाठी तिला घेऊन आम्ही दोघं गेलो. डॉक्टरांनी वजन-उंची घेतली, आलेखावर टिंब काढलं. उंचीची रेघ होती तिथेच होती, वजनाची वर गेली होती. त्यांनी बायकोकडे बघून विचारलं, "काय काय देता हिला?" सकाळी काय, डब्यात काय, दूध किती, साखर किती. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. मला एकही प्रश्न आला नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "संध्याकाळचं तिच्या बाबांना विचारा."

तेव्हापासून मी या विषयाबद्दल मिळेल ते वाचतो आहे आणि ओळखीच्या बापांशी बोलतो आहे. माझं मत ठाम झालं आहे. लहान मुलाच्या खाण्यावर आणि वजनावर बापाचा प्रभाव आईच्या प्रभावाइतकाच खरा असतो, पण त्याची नोंद कुठेच होत नाही. दवाखान्यात नाही, अंगणवाडीत नाही, शाळेत नाही, खुद्द बापाच्या मनातही नाही. आणि ज्याची नोंद नाही, त्याचा जाब सगळा आईला द्यावा लागतो.

आधी पाकिटाचा हिशेब. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मानकाप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण 1,360 किलोकॅलरी लागतात. वेफर्सच्या 50 ग्रॅमच्या पाकिटात त्या 270च्या आसपास असतात. म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा. मोठ्या माणसाने संध्याकाळच्या चहाबरोबर चार पोळ्या खाल्ल्या तर जे होईल, ते. शीतपेयाच्या 250 मिलिलिटरच्या बाटलीत 26 ग्रॅमच्या घरात साखर असते, पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेची जी मर्यादा सांगितली, तिचा कडक आकडा आहे एकूण ऊर्जेच्या 5 टक्के. तो या वयाला लावला तर दिवसाला 17 ग्रॅम येतात. एका बाटलीत दीड दिवसाची साखर संपते.

पण खरं नुकसान पाकीट संपल्यावर दीड-दोन तासांनी होतं. सात वाजता मुलीचं पोट भरतं. साडेआठला ताट वाढलं की ती दोन घास खाऊन उठते. मग तिच्यामागे वाटी घेऊन कोण फिरतं? आई. एक घास काऊचा, एक घास चिऊचा, तरी तोंड उघडत नाही, मग समोर मोबाइल लावला जातो आणि पोरगी पडद्याकडे बघत, चव न कळता, आपण किती खाल्लं हे न कळता गिळत राहते. पोट भरल्याची जी जाणीव निसर्गाने तिला दिलेली असते, ती या वयात अशी बोथट होते. आणि शेजारणीला, सासूला, डॉक्टरांना सांगायला आईकडे एकच वाक्य उरतं, "ही जेवतच नाही हो." मुलगी जेवत नाही आणि वजन वाढतं आहे, या दोन गोष्टी एकाच घरात एकाच वेळी खऱ्या असतात. बायकोने मला दवाखान्यातून परत येताना एवढंच सांगितलं, "तू आणतोस आणि मी भांडते." मुलीचं हसू माझ्या वाट्याला येत होतं आणि रडणं तिच्या.

खाऊ हा प्रभावाचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग स्वयंपाकघरात असतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो.

आपल्याकडे घरात काय शिजायचं हे वरवर बाई ठरवते. प्रत्यक्षात कितीतरी भाज्या "यांना चालत नाही" या तीन शब्दांवर घरात येत नाहीत. एका घरात दुधी येत नाही, दुसऱ्यात पडवळ, तिसऱ्यात दोडका. आमच्या घरात गवार आणि कारलं आलं नाही, कारण मला आवडत नाही. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी गवारीची वाटी बाजूला सारली होती. त्यावर भांडण झालं नाही, कुणी काही बोललंही नाही, भाजी फक्त यायची थांबली. आता याचा मुलांशी संबंध बघा. लहान मूल नवी चव पहिल्या खेपेला बहुधा नाकारतं. बाल-आहाराच्या अभ्यासकांना वारंवार असं दिसलं आहे की तीच भाजी, जबरदस्ती न करता, आठ-दहा किंवा पंधरा वेळा समोर आली की बरीच मुलं ती खाऊ लागतात. जी भाजी बापाच्या नावडीमुळे घराच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, तिला या दहा संधींपैकी एकही मिळत नाही. आईने कितीही ठरवलं तरी मुलीची आवड बापाच्या आवडीएवढीच रुंद राहते. शिवाय मूल ऐकतं त्याहून जास्त बघतं. बाबांच्या ताटात डाव्या बाजूची कोशिंबीर तशीच राहते आणि पापड दुसऱ्यांदा मागितला जातो, हे चार वर्षांच्या डोळ्यांना नीट दिसतं.

हे केवळ माझं निरीक्षण नाही. ऑस्ट्रेलियात चार-पाच वर्षांच्या 4,983 मुलांचा एक मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. आई आणि वडील या दोघांची मूल वाढवण्याची रीत वेगवेगळी नोंदवून ती मुलांच्या वजनाशी ताडून पाहिली गेली. आयांच्या रीतीचा वजनाशी संबंध आढळला नाही. बापांच्या रीतीचा आढळला. जे बाप प्रेमळ असूनही काही मर्यादा पाळायला लावत, त्यांच्या तुलनेत सगळे लाड पुरवणाऱ्या आणि लक्षच न घालणाऱ्या बापांच्या मुलांत जास्त वजनाचं प्रमाण अधिक होतं. यावरून आईचं काही महत्त्व नाही असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण बाप हा या गोष्टीत पाहुणा आहे, ही समजूत मात्र त्यातून टिकत नाही.

"मर्यादा" हा शब्द आला की आपल्याकडे लगेच धाक आठवतो. म्हणून इथे थोडं थांबायला हवं. आपल्या घरांत बापाच्या दोन भूमिका ठरलेल्या आहेत. एक खाऊ आणणाऱ्याची, दुसरी डोळे वटारणाऱ्याची. "थांब, बाबा येऊ देत, मग सांगते." "ताटात टाकायचं नाही, सगळं संपल्याशिवाय उठायचं नाही." अन्नाचा मान राखणारी ही शिकवण टंचाईच्या काळातून आली आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ताटात किती वाढायचं हे आपण ठरवणार आणि ते संपवायचं मुलाने, हा अन्याय आहे. लीअॅन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांच्या खाण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांच्या प्रयोगांतून दिसलं की आग्रह केलेला पदार्थ मुलांना नकोसा होतो आणि बक्षीस म्हणून दिलेला जास्त हवाहवासा होतो. "भाजी संपव, मग चॉकलेट देतो" या वाक्याने आपण भाजीला शिक्षा ठरवतो आणि चॉकलेटला पदक. पदार्थ घरात ठेवून त्यावर नुसती बंदी घातली तरी ओढ वाढतेच. म्हणून मर्यादा मुलाच्या तोंडाशी घालायची नसते, ती दुकानाशी घालायची असते. काय आणायचं, केव्हा जेवायला बसायचं हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं ते मुलाच्या पोटाला ठरवू द्यावं. यात दुकानाशी उभा असतो तो बहुतेक वेळा बाप.

आता एक आक्षेप, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या राज्यात मेळघाट आणि नंदुरबार आहे, तिथे जास्त वजनाची चिंता करणं ही शहरी चैन नाही का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानाने बुटकी होती आणि 25.6 टक्के कृश, म्हणजे उंचीच्या मानाने बारीक. त्याच वयोगटात जास्त वजनाची मुलं 4.1 टक्के. हा आकडा लहान दिसतो. पण आधीच्या फेरीत, 2015-16 मध्ये, तो 1.9 होता. चार-पाच वर्षांत दुपटीहून अधिक झाला आणि कृशतेचा आकडा तसूभरही हलला नाही. दोन्ही एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच गल्लीत.

आणि ही दोन टोकं वाटतात तितकी दूर नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं स्नायूंनी फार कमी भरली, पण त्वचेखालच्या चरबीत तितकी कमी नव्हती. वजनकाट्यावर बारीक आणि आतून चरबी राखलेलं असं हे शरीर पुढे साखर आणि तेलाच्या माऱ्यात सापडलं की मधुमेहाकडे लवकर झुकतं. म्हणजे बारीक मुलाला "काहीही खाऊ दे, अंगाला लागेल" म्हणून पाकिटं देणं हाही धोकाच. त्याच दहा रुपयांत एक अंडं येतं, मूठभर शेंगदाणे येतात. पाकीट एका मुलाचं वजन वाढवतं आणि दुसऱ्याच्या पोटातली अंड्याची जागा अडवतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बापाला मात्र हे कुणी सुनावू नये. जिथे नवरा-बायको दोघं पहाटे फडात उतरतात आणि लेकरू कोपीत भावंडाच्या मांडीवर असतं, तिथे प्रश्न मजुरीचा, पाळणाघराचा आणि स्थलांतरातही चालू राहणाऱ्या अंगणवाडीचा आहे. माझं म्हणणं ज्या बापाच्या हातात निवड आहे त्याच्यासाठी आहे.

मुलग्यांची गोष्ट मला टोचते. 2022 मध्ये भारतात 5 ते 19 वयोगटातली सुमारे 1 कोटी 25 लाख मुलं लठ्ठ होती, असा अंदाज 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जागतिक विश्लेषणाने दिला. त्यात 73 लाख मुलगे आणि 52 लाख मुली. याची कारणं अनेक असतील. पण मुलाच्या ताटात तूप दोनदा पडतं, त्याच्या वाढलेल्या पोटाला "खात्यापित्या घरचा" म्हटलं जातं, आणि बाप त्याला रविवारी आपल्यासोबत वडापाव-मिसळीला नेतो, हे मी आजूबाजूला रोज बघतो. गुटगुटीत या शब्दावर आपलं जे प्रेम आहे, ते बाळसं ओसरायच्या वयानंतर थांबायला हवं.

वेळेचं काय, हे मला प्रत्येक बाप विचारतो. अंबरनाथहून पहाटेची लोकल धरणारा माणूस रात्री साडेनऊला घरी पोचतो, तेव्हा मूल पेंगत असतं. दिवसभर भेटलो नाही याची भरपाई तो वीस रुपयांच्या पाकिटाने करतो. या भावनेला मी खोटं म्हणणार नाही, मी तिच्यातूनच गेलो आहे. पण 2024 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात आणि पुरुष 88, असं आढळलं. नोकरी करणारी आईही उशिराच घरी येते. तिच्याकडून मात्र आपण पाकीट स्वीकारत नाही, तिने वरण-भाताचा कुकर लावावा अशी आपली अपेक्षा असते.

शिवाय बापासाठी हे ओझं असतंच असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाने वजन जास्त असलेल्या बापांसाठी मुलांसोबत करायचा एक कार्यक्रम आखला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत 53 बाप आणि त्यांची 71 मुलं होती. सहा महिन्यांत कार्यक्रम केलेल्या बापांचं वजन सरासरी सात किलोंहून अधिक उतरलं आणि मुलांची हालचाल वाढली. मुलासाठी म्हणून सुरू केलेलं बापाच्याच कामी आलं. आपल्याकडे चाळिशीत रक्तातली साखर वाढलेले किती बाप आहेत, ते कुठल्याही कंपनीच्या वार्षिक तपासणीत कळेल.

पण हे सगळं एकेका बापाच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. आपल्या सरकारी व्यवस्थेने पोषणाचं सगळं बोलणं आईशी केलं आहे. सरकारी दवाखान्यात लसींची नोंद ज्या कार्डावर होते, त्याचं नाव माता-बाल संरक्षण कार्ड. नावात बाप नाही. अंगणवाडीतली बैठक मातांची आणि तीही दुपारी, जेव्हा कामकरी बाप येऊच शकत नाही. मातृत्वाची रजा 2017 पासून 26 आठवडे झाली, ते योग्यच झालं. पण पितृत्वाची रजा केंद्र सरकारच्या नोकरांना 15 दिवस आणि खासगी नोकरीत मालकाच्या मर्जीवर. मूल जेवायला शिकतं त्या पहिल्या वर्षात बाप घरात नसेल, तर पुढे त्याला खाऊ आणण्याखेरीज दुसरं काम उरत नाही. 2025 च्या राष्ट्रीय पोषण महिन्याच्या विषयांत पुरुषांचा सहभाग हा विषय आला, ही मला चांगली खूण वाटते. तो फलकावर न राहता गावात उतरायचा असेल तर बैठक रविवारी सकाळी किंवा संध्याकाळी सातला घ्यावी लागेल, आणि बोलावणं बापाच्या नावाने जावं लागेल.

शाळांबाबत नियम आहेत. महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जास्त मीठ, साखर आणि तेलाचे पदार्थ विकायला मनाई केली, 2020 च्या केंद्रीय नियमांनी शाळेपासून 50 मीटरपर्यंत. तरी शाळा सुटल्यावर फाटकाशी गाडीवर बसूनच पाकीट फोडणारे बाप मी बघतो. कोणताही नियम तिथे पोचणार नाही.

डॉक्टरांकडून मला एक साधी गोष्ट हवी आहे. लसीला मूल आलं आणि बाप सोबत असला, तर दोन प्रश्न त्याला विचारावेत. गेल्या आठवड्यात मुलासाठी काय काय आणलंत, आणि किती वेळा त्याच्यासोबत एका पंगतीला जेवलात? बाप सोबत नसेल तर पुढच्या वेळी त्याला आणायला सांगावं. मुलगी साडेतीन वर्षांची असताना मला हे कुणी विचारलं असतं, तर दीड वर्ष वाचलं असतं.

आता मी बुधवारच्या बाजारात मुलीला गोदाघाटावर घेऊन जातो. एक फळ आणि एक भाजी तिने निवडायची, असं ठरलं आहे. खाऊ बंद झालेला नाही, तो आता शनिवारी येतो. पहिले दोन आठवडे ती दाराशी माझे रिकामे हात बघून रडली आणि ते सोसणं मला कठीण गेलं. तिसऱ्या आठवड्यात ती हाताकडे न बघता अंगावर आली.

रात्री साडेआठला आम्ही तिघं खाली बसून जेवतो. बायकोची पोळी आता गरम असते. मुलगी गवार अजून ताटाच्या कडेला सारते. मी तिला काही म्हणत नाही. माझ्या ताटात गवार असते, आणि ती मी खातो.